पोत्सुओली : उठत्या-बसत्या भूमीवरील नगर

घर बांधावयास काढलेल्या गृहस्थाच्या अंगणांत सिमेंटचीं जीं पोतीं येऊन पडतात, त्यांतील पुष्कळांवर 'पोर्टलंड पोझोलाना' असे दोन शब्द छापलेले असतात. गवंडी ते वाचीत नाहीं आणि घरमालकहि त्यांचा अर्थ विचारीत नाहीं. परंतु या दोन शब्दांत दोन स्थळें लपलेलीं आहेत. पहिलें म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड. तेथील प्रसिद्ध इमारती दगडाशीं साम्य दाखविण्याकरितां १८२४ सालीं एका इंग्रज कारागिरानें आपल्या नव्या सिमेंटास तें नांव दिलें. दुसरें स्थळ इटलींत, नेपल्स शहराच्या पश्चिमेस, समुद्रकांठीं आहे. त्याचें नांव पोत्सुओली. तेथील राखेसारखी माती रोमन लोक चुन्यांत मिसळीत असत. त्या मातीला गांवावरून 'पोत्सोलाना' हें नांव पडलें, आणि तोच शब्द देशोदेशींच्या बांधकामांतून फिरत फिरत आपल्या पोत्यांवर येऊन बसला.

ज्या मातीनें अर्ध्या जगाला टिकाऊ बांधकाम करावयास शिकविलें, त्याच मातीच्या माहेरीं आज एकहि घर निर्धास्तपणें उभें नाहीं, ही मोठी विलक्षण गोष्ट होय. पोत्सुओलीची जमीन कधीं वर उचलते, कधीं खालीं बसते. आणि ती किती उचलली व किती बसली याचा सर्वांत जुना हिशेब तेथील रोमन अवशेषांनीं ठेवलेला आहे. म्हणून या गांवीं अवशेष ही केवळ प्रवाशांना दाखवावयाची वस्तु नाहीं. तेथील माणसांच्या संसाराशीं तिचा प्रत्यक्ष संबंध येतो.

पोत्सुओली हें कांहीं ओसाड खेडें नव्हे. सुमारें पाऊण लाख वस्तीचें तें एक गजबजलेलें बंदर आहे. नेपल्सहून आगगाडीनें थोड्याच वेळांत तेथें जातां येतें. धक्क्यावरून प्रोचिदा आणि इस्किया या बेटांकडे बोटी सुटतात. कोळ्यांच्या होड्या, मासळीचा बाजार, मजल्यांवर मजले चढविलेलीं घरें आणि गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, असा तेथील नित्याचा देखावा असतो. परंतु या शहराच्या पोटांत दुसरें एक शहर आहे. वरच्या अंगास रोमन रंगमंडलाच्या कमानी लागतात. बंदराकडे उतरावें तों रस्त्याच्या पातळीखालीं एका प्राचीन मंडईचे खांब उभे दिसतात. समुद्रांत घुसलेल्या खडकाळ टेकाडावर जुनी वस्ती आहे, आणि तिच्या तळघरांखालीं रोमन रस्ते व दुकानें आहेत. इतर ठिकाणीं अवशेषांभोंवतीं कुंपण घालून त्यांस बाजूला ठेवतां येतें. येथें तें साधत नाहीं. कारण नवें शहर जुन्याच्या शेजारीं आहे, वर आहे, आणि कोठें कोठें तर त्याच्याच भिंतींवर भिंत चढवून उभें आहे.

या स्थळीं पहिली वस्ती केली ती ग्रीकांनीं. इ. स. पूर्वीं सहाव्या शतकांत सामोस बेटांतील जुलमी राज्यास कंटाळून निघालेले कांहीं लोक येथें येऊन राहिले. त्यांनीं आपल्या वसाहतीस 'दिकाइआर्किया', म्हणजे न्यायाचें राज्य, असें मोठ्या आशेचें नांव दिलें. पुढें इ. स. पूर्वीं १९४ मध्यें रोमनांनीं येथें आपली वसाहत स्थापिली आणि तिचें नांव 'पुतेओली' असें ठेविलें. या लॅटिन नांवाची व्युत्पत्ति कोणी विहिरींवरून लावतात, तर कोणी दुर्गंधीवरून. दुसरी व्युत्पत्ति ज्यांना थट्टेची वाटेल त्यांनीं गांवाच्या माथ्यावरील सोल्फातारा नांवाच्या विवराची आठवण ठेवावी. तेथून गंधकाची वाफ शतकानुशतकें निघत आलेली आहे.

रोम हें समुद्रापासून आंत असलेलें शहर. त्याच्या नदीच्या मुखाशीं मोठ्या जहाजांना सुरक्षित आसरा नव्हता. त्यामुळें सुमारें दोन-अडीच शतकें रोमचें खरें परदेशी बंदर म्हणजे पुतेओली हेंच होतें. ईजिप्तचें धान्य घेऊन येणारा अलेक्झांड्रियाचा तांडा याच धक्क्यास लागे. तो क्षितिजावर दिसला कीं सारा गांव धक्क्यावर लोटे, असें वर्णन सेनेका या तत्त्वज्ञानें आपल्या एका पत्रांत केलें आहे. ख्रिस्ती धर्माचा प्रचारक सेंट पॉल याला कैदी म्हणून रोमला नेलें, तेव्हां तोहि अलेक्झांड्रियाच्या एका जहाजांतून येथेंच उतरला आणि येथील धर्मबंधूंजवळ सात दिवस राहिला.

अलेक्झांड्रियाच्या जहाजांत केवळ ईजिप्तचा माल नसे. हिंदुस्थानांतून मिरीं, हस्तिदंत, तलम सुती कापड आणि रत्नें तांबड्या समुद्रावरील बंदरांत जात. तेथून उंटांवरून नाईल नदीपर्यंत, नदींतून अलेक्झांड्रियास आणि तेथून भूमध्य समुद्र ओलांडून पुतेओलीस, असा तो मार्ग होता. पहिल्या शतकांतील एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेंत भडोच, सोपारा आणि कल्याण या बंदरांचीं तसेंच पैठण आणि तेर या पेठांचीं नांवें आढळतात. उलट दिशेनेंहि माल येत असे. कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. तेथें १९४४-४५ सालीं कांस्याच्या वस्तूंचा एक सांठा सांपडला. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक सुबक मूर्ति होती आणि पाश्चात्य घडणीचीं भांडींहि होतीं. हीं भांडीं ज्या प्रांतांत पोत्सुओली आहे त्या कांपानिया प्रांतांतील असावींत, असें पंडितांचें मत आहे. तीं नेमक्या कोणत्या धक्क्यावरून निघालीं हें कोणी सांगूं शकणार नाहीं. परंतु ज्या व्यापारानें तीं सह्याद्रि ओलांडून आलीं, त्याचें पश्चिमेकडील एक मोठें टोंक पुतेओली हें होतें.

एवढीं जहाजें लागावयाचीं तर भक्कम धक्का पाहिजे, आणि धक्का बांधावयाचा तर पाण्याखालीं घट्ट होणारा चुना पाहिजे. येथें त्या मातीचा उपयोग झाला. साधा चुना हवेंतील कर्बवायु शोषून हळूहळू दगडासारखा होतो. पाण्याखालीं त्यास हवाच मिळत नाहीं, म्हणून तो विरघळून किंवा वाहून जातो. ज्वालामुखीच्या राखेची गोष्ट वेगळी. तिच्यांत सिलिका आणि अल्युमिना हीं द्रव्यें काचेसारख्या अवस्थेंत असतात. चुना आणि पाणी यांच्याशीं त्यांचा संयोग झाला कीं एक नवेंच चिवट द्रव्य तयार होतें आणि त्याला घट्ट होण्यासाठीं हवा लागत नाहीं. इतकेंच नव्हे, तर समुद्राचें पाणी आंत झिरपल्यानें त्यांत पुढें सूक्ष्म स्फटिक वाढतात आणि तें अधिकच बळकट होतें. व्हित्रुव्हियस या रोमन स्थापत्यकारानें आपल्या ग्रंथांत या मातीच्या अंगच्या गुणाबद्दल मोठें आश्चर्य प्रकट केलें आहे.

आपल्याकडील जुने गवंडी चुन्यांत सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घालीत असत. त्यामागील तत्त्व हेंच. आजच्या पोत्यांत पोत्सुओलीची माती नसते. बहुधा औष्णिक वीजकेंद्रांतील कोळशाची बारीक राख तिचें काम करते. पण गुण तोच असल्यामुळें नांवहि तेंच राहिलें आहे. रोमनांच्या काळीं मात्र खरी मातीच जहाजांत भरून परदेशीं जाई. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर हेरोद राजानें सीझरिया येथें जें बंदर बांधलें, त्याच्या पाण्याखालील बांधकामांत नेपल्सच्या आखाताकडील राख असल्याचें अलीकडील पृथक्करणानें ठरलें आहे. खुद्द पुतेओलीचा धक्का याच मिश्रणाच्या प्रचंड खांबांवर उभा होता. त्या खांबांची संख्या पंधरा होती आणि त्यांना कमानींनीं जोडलेलें होतें. तो धक्का इतका नामांकित होता कीं, उत्तरकालीन रोमन कारागीर काचेच्या कुप्यांवर त्याचें चित्र कोरीत आणि प्रवासी त्या कुप्या आठवण म्हणून घरीं नेत. आजचा धक्का त्याच प्राचीन खांबांना पोटांत घेऊन उभा आहे.

व्यापारानें आलेली श्रीमंती पाहावयाची असेल तर रंगमंडलाकडे जावें. सम्राट व्हेस्पेसियनाच्या घराण्याच्या कारकीर्दींत, इ. स. च्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धांत, तें बांधलें गेलें. त्याची लांबी सुमारें दीडशें मीटर असून, रोम आणि कापुआ येथील रंगमंडलें सोडल्यास इटलींत तें सर्वांत मोठें गणलें जातें. हें काम नगरानें स्वतःच्या पैशानें केलें, असें तेथील शिलालेख अभिमानानें सांगतो. वरचा बराच भाग लोकांनीं पुढें दगडासाठीं मोडून नेला. परंतु जमिनीखालील दालनें मातीनें भरून गेल्यामुळें वांचलीं. हिंस्र पशूंना कोंडण्याच्या खोल्या आणि पिंजरे वर ओढण्याच्या वाटा तेथें इतक्या स्पष्ट दिसतात कीं, क्रौर्याची ती सारी यंत्रणा डोळ्यांपुढें उभी राहते.

पुतेओलीचें वैभव दोन कारणांनीं ओसरलें. पहिलें कारण मानवी होतें. सम्राट क्लॉडियस यानें इ. स. ४२ च्या सुमारास रोमच्या नदीमुखाशीं मोठें बंदर बांधावयास घेतलें, ट्रेजन बादशहानें त्याचा विस्तार केला आणि धान्याचीं जहाजें हळूहळू तिकडे वळलीं. दुसरें कारण पायाखालचें होतें. किनारा खचूं लागला. शेजारच्या बाया या गांवीं रोमन अमीर-उमरावांचे विलासी वाडे होते. ते आज कांहीं मीटर पाण्याखालीं आहेत, आणि पाणबुडे त्यांच्या रंगीत खड्यांच्या फरशांवर पोहत जाऊन त्यांचें दर्शन घेतात. पोत्सुओलीचा सखल भागहि असाच समुद्रांत गेला. लोक उंच टेकाडावर सरकले आणि मध्ययुगांत तेवढीच वस्ती उरली.

हा सारा इतिहास अंदाजाचाच राहिला असता. पण १७५० सालीं नेपल्सचा राजा चार्ल्स याच्या आज्ञेवरून बंदराजवळच्या एका मळ्यांत खोदकाम झालें. तेथें तीन प्रचंड संगमरवरी खांब उभेच्या उभे सांपडले. सेरापिस या ईजिप्शियन देवतेची मूर्तिहि मिळाली, म्हणून लोकांनीं त्या वास्तूस सेरापिसचें देऊळ म्हटलें. वस्तुतः ती नगराची मंडई होती, हें पुढें पंडितांनीं ओळखलें. पण खरें नवल त्या खांबांच्या अंगावर होतें. खांबांची उंची सुमारें चाळीस फूट. तळापासून सुमारें बारा फुटांपर्यंत दगड गुळगुळीत आहे. त्याच्यावर नऊ फुटांचा एक पट्टा असा आहे कीं, त्यांत दगड पोखरून असंख्य छिद्रें पडलेलीं आहेत. त्याच्या वर पुन्हां दगड निर्वेध आहे.

हीं छिद्रें कोणाचीं? समुद्रांत एक शिंपल्याचा प्राणी असतो. तो चुनखडीच्या दगडांत भोंक पाडून त्यांतच आपलें घर करतो. त्याचीं कवचें या छिद्रांत सांपडलीं. हा प्राणी खाऱ्या पाण्याबाहेर जगत नाहीं. तेव्हां एकच निष्कर्ष निघतो. हे खांब एके काळीं किमान एकवीस फूट उंचीपर्यंत समुद्रांत बुडालेले होते. खालचा भाग गाळानें झांकला गेल्यामुळें शिंपल्यांपासून वांचला, आणि वरचा भाग पाण्याच्या वर होता म्हणून वांचला. बरें, खांब तर अजून उभेच आहेत. म्हणजे त्यांना बुडविणारी आणि पुन्हां वर काढणारी हालचाल एखाद्या आकस्मिक धक्क्याची नसून अतिशय सावकाश झालेली असली पाहिजे.

१८२८ सालीं चार्ल्स लायेल हा ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ येथें आला. पृथ्वीचें रूप पूर्वींच्या कांहीं अद्भुत प्रलयांनीं घडलें, असें त्या काळच्या पुष्कळ विद्वानांस वाटत असे. तें आजहि चाललेल्या मंद व्यापारांनीं घडतें, हें लायेल याला सिद्ध करावयाचें होतें. या तीन खांबांहून चांगला साक्षीदार त्यास कोठें मिळणार? माणसाच्या इतिहासकालांतच जमीन खालीं गेली आणि वर आली, हें त्यांच्या अंगावर लिहिलेलें होतें. १८३० सालीं त्याच्या भूगर्भशास्त्रावरील विख्यात ग्रंथाचा पहिला खंड निघाला, तेव्हां त्याच्या मुखपृष्ठासमोर या खांबांचेंच चित्र छापलेलें होतें. पुढें १८८३ सालीं आर्तुरो इस्सेल या इटालियन शास्त्रज्ञानें जमिनीच्या या संथ हालचालीस 'ब्रादिसिस्मो' असें नांव दिलें. त्याचा अर्थ मंदकंप. आधुनिक कालमापनाच्या पद्धतींनीं असें दिसून आलें आहे कीं, समुद्र या खांबांवर एकदां नव्हे, तर रोमन काळानंतर तीन निरनिराळ्या वेळीं चढला होता.

या मंदकंपाचें कारण काय? व्हेसूव्हियस म्हटला कीं शिखर असलेला डोंगर डोळ्यांपुढें येतो. पोत्सुओलीच्या ज्वालामुखीस असें शिखर नाहीं. सुमारें चाळीस हजार आणि पुन्हां सुमारें पंधरा हजार वर्षांपूर्वीं येथें अतिप्रचंड उद्रेक झाले, पोटांतील रस बाहेर पडला आणि वरची भूमि आंत कोसळून बारा ते पंधरा किलोमीटर रुंदीची एक परात तयार झाली. तिचा अर्धा भाग समुद्रांत आहे, अर्धा जमिनीवर आहे, आणि तिच्या मधोमध पोत्सुओली वसलेलें आहे. या प्रदेशास 'कांपी फ्लेग्रेई', म्हणजे जळतीं शेतें, असें म्हणतात. त्याच्या पोटांत तप्त रस आहे, आणि त्यावर खडकांच्या भेगांत तापलेलें पाणी, वाफ व वायु कोंडलेले आहेत. त्यांचा दाब वाढला कीं जमीन उचलते आणि तो ओसरला कीं ती बसते. झांकण घातलेलें भांडें चुलीवर ठेवलें म्हणजे झांकण कसें हलतें, तें सर्वांनीं पाहिलेलें आहे. हा दाब नव्या रसामुळें वाढतो कीं मुख्यतः पाणी आणि वायु यांमुळें, याविषयीं शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आणि त्या वादाच्या निर्णयावर लक्षावधि लोकांचें भवितव्य अवलंबून आहे.

कारण भांडें एकदां खरोखरच उतूं गेलेलें आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून येथील जमीन उठूं लागली आणि समुद्र मागें हटला. १५०३ व १५११ सालच्या राजाज्ञांनीं, समुद्रांतून नव्यानें वर आलेली जमीन नगरास बहाल करण्यांत आली, ती एखाद्या देणगीसारखी. ही देणगी कशाची पूर्वसूचना होती, हें कोणास ठाऊक होतें? १५३८ च्या सप्टेंबरांत भूकंपांचा मारा सुरू झाला, किनाऱ्याची पट्टी अचानक उघडी पडली, मासे कोरड्यावर तडफडूं लागले, आणि २९ तारखेस गांवाच्या पश्चिमेस जमीन फाटली. आठवड्याभरांत तेथें सुमारें एकशेंतीस मीटर उंचीची टेकडी उभी राहिली आणि त्रिपेर्गोले हें खेडें तिच्याखालीं नाहींसें झालें. त्या टेकडीस आजहि 'मोंते नुओवो', म्हणजे नवा डोंगर, असेंच म्हणतात. भयभीत लोक अंगावरच्या वस्त्रानिशीं नेपल्सकडे पळाले. तेथील राजप्रतिनिधि दोन पेद्रो दे तोलेदो यानें करांत सूट दिली आणि लोकांस धीर यावा म्हणून स्वतः पोत्सुओलीस वाडा बांधला. लोक परत आले.

त्यानंतर चारशें वर्षें जमीन बहुतांशीं खालींच बसत गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास त्या मंडईच्या फरशीवर पाणी उभें असे. मग ती फरशी कोरडी होऊं लागली. १९७० ते १९७२ या काळांत जमीन सुमारें १.७ मीटर वर आली. थोडी बसली न बसली तोंच, १९८२ ते १९८४ या दोन वर्षांत ती आणखी १.८ मीटर, म्हणजे पुरुषभर, उचलली गेली. त्या काळांत सुमारें सोळा हजार भूकंप नोंदले गेले. बहुतेक अगदीं बारीक, परंतु जुन्या भिंतींस आणि माणसांच्या झोंपेस ते पुरेसे होते. धक्का इतका उंच झाला कीं बोटी त्यास लागेनात. त्याच्या पायथ्याशीं नवा ठेंगणा धक्का बांधावा लागला. सुमारें चाळीस हजार लोकांनीं घरें सोडलीं, आणि हजारों कुटुंबांसाठीं गांवाच्या वरच्या अंगास मोंतेरुशेल्लो नांवाची नवी वसाहत उभारण्यांत आली. भांडें मात्र त्या वेळीं उतूं गेलें नाहीं.

या सर्वांत जिवाला चटका लावणारी कथा आहे ती समुद्रावरील त्या टेकाडाची. त्याचें नांव रियोने तेर्रा. ग्रीकांपासून सतत वस्ती असलेला हा गांवाचा मूळ भाग. १९७० सालीं २ मार्च रोजीं तो रिकामा करण्याचा हुकूम झाला आणि पोलिस व सैनिक यांच्या देखरेखीखालीं सुमारें तीन हजार माणसें हातीं लागेल तें सामान घेऊन बाहेर पडलीं. बरेचसे लोक कोळी आणि मजूर. ते थोड्या दिवसांत परत येण्याच्या समजुतीनें निघाले असतील. पण टेकाड कुलुपबंद झालें तें झालेंच. पुढें तीं घरें सार्वजनिक मालकीचीं झालीं आणि तेथील माणसें नव्या वसाहतींत विखुरलीं.

रिकाम्या घरांखालीं मग रोमन नगर सांपडलें. याची चाहूल आधींच लागलेली होती. १९६४ सालीं टेकाडावरील मुख्य चर्चला आग लागली, वरचें नक्षीकाम जळून पडलें, आणि भिंतींच्या आंतून ऑगस्टस बादशहाच्या काळच्या देवळाचे संगमरवरी खांब उघडे झाले. ख्रिस्ती लोकांनीं देऊळ मोडलें नव्हतें. त्यालाच आपलें चर्च करून टाकलें होतें. १९९० नंतरच्या दशकांत तळघरें उकरल्यावर सरळ रेषेंतील रोमन रस्ते, ओळीनें दुकानें आणि दळण-भट्टीचीं दालनें हातीं आलीं. आज तेथें प्रवासी दिव्यांच्या उजेडांत जमिनीखालून हिंडतात. चर्चची डागडुजी होऊन २०१४ सालीं तें पुन्हां उघडलें. प्राचीन खांबांच्या मधून कांच बसवून त्यांत देऊळ आणि चर्च दोन्ही एकत्र ठेवलीं आहेत. वरचीं घरेंहि रंगवून नीट केलीं आहेत. नाहींत तीं माणसें. जिवंत वस्ती हलल्यामुळें मृत नगर हातीं लागलें, असा हा सौदा आहे. आणि तो ज्यांच्या घरांवर झाला, त्यांना तो फायद्याचा वाटला असेल असें म्हणवत नाहीं.

२००५ च्या अखेरीपासून जमीन पुन्हां चढणीस लागली आहे. २०२५ पर्यंतच्या वीस वर्षांत ती सुमारें दीड मीटर वर आली. लहान बंदराचें पाणी आटून होड्या चिखलांत रुतूं लागल्या. २०१२ च्या डिसेंबरांत सरकारनें सावधगिरीची खूण हिरवी होती ती पिवळी केली. २० मे २०२४ रोजीं ४.४ प्रतीचा भूकंप झाला. तो चाळीस वर्षांतील सर्वांत मोठा होता. शेंकडों कुटुंबांस घरें सोडून तंबूंत जावें लागलें. २०२५ च्या मार्चमध्यें आणि जूनमध्यें ४.६ प्रतीचे दोन धक्के बसले. १८४१ सालीं स्थापन झालेली व्हेसूव्हियसची वेधशाळा या भूमीची नाडी अहोरात्र पाहते. जमिनीची उंची, वायूंचें प्रमाण, उष्णता आणि कंप हीं सारीं मोजलीं जातात. उद्रेकाची चिन्हें दिसल्यास सुमारें पांच लाख लोकांस हलविण्याची योजना सरकारनें आंखून ठेवलेली आहे.

येथें पुन्हां ती मातीच पुढें येते. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील तिझियाना वानोरियो या शास्त्रज्ञ बाई पोत्सुओलींतच वाढलेल्या. १९८० नंतरच्या त्या स्थलांतरांत त्यांच्या कुटुंबासहि घर सोडावें लागलें होतें. २०१५ सालीं त्यांनीं आपल्या सहकाऱ्यासह एक शोध प्रसिद्ध केला. खोल विहिरींतून काढलेल्या खडकाचे नमुने त्यांनीं तपासले, तेव्हां सुमारें एक-दोन किलोमीटर खोलीवरील खडकांत बारीक तंतूंचें जाळें दिसलें. आणि त्याची घडण रोमन काँक्रीटशीं विलक्षण मिळतीजुळती होती. म्हणजे राख आणि चुना यांचें जें मिश्रण रोमन गवंडी हातानें करीत, तेंच मिश्रण निसर्गानें भूमीच्या पोटांत उष्ण पाण्याच्या साहाय्यानें आधींच करून ठेवलेलें आहे. हें चिवट झांकण ताणलें जातें, वांकतें, पण सहसा फुटत नाहीं. म्हणूनच येथील जमीन पुरुषभर उचलूनहि ज्वालामुखी फुटला नसावा, असा त्यांचा सिद्धांत आहे. तो खरा असेल तर या गांवाला आजवर त्याच्या पायाखालच्या सिमेंटानें सांभाळलें आहे. पण झांकणालाहि मर्यादा असते, ही १५३८ सालची शिकवण आहे.

मग लोक येथें राहतात तरी कां, असें दूरच्या माणसास वाटतें. त्याचें उत्तर शोधावयास फार लांब जावयास नको. नदीला पूर येतो हें ठाऊक असूनहि माणसें नदीकांठ सोडीत नाहींत. ज्या आगीनें भय दिलें, तिनेंच बंदराला आसरा देणारा आखात, मळ्यांना सुपीक माती, ऊन पाण्याचे झरे आणि धक्क्याला चुना दिला. खेरीज, घर म्हणजे कांहीं चार भिंतीच नव्हेत; धक्क्यावरचा शेजार, पिढीजात धंदा आणि चर्चमधील वार्षिक उत्सव हेंहि घरच असतें. हें सारें मोंतेरुशेल्लोच्या रुंद रस्त्यांवर नेऊन मांडतां आलें नाहीं, हें पोत्सुओलीकरांनीं अनुभवलें आहे. घर सोडावयाचें कीं धरून राहावयाचें, हा प्रश्न त्यांना पुस्तकांतून पडलेला नाहीं. रात्रीं खाट हलली कीं तो त्यांच्या उशाशीं येऊन उभा राहतो.

मंडईचे ते तीन खांब मात्र अजून जागच्या जागीं आहेत. त्यांच्याभोंवतीं रस्ता आहे, दुकानें आहेत आणि शाळेंतून परतणारीं मुलें आहेत. खांबांवरील शिंपल्यांचीं छिद्रें जमिनीपासून किती उंच आहेत हें त्या मुलांना मान वर केली कीं दिसतें. समुद्र एके काळीं तेथपर्यंत होता आणि तरीहि गांव नाहींसा झाला नाहीं, ही त्यांतील एक गोष्ट. जमीन कोणाच्याहि मालकीची राहत नाहीं, ही दुसरी. पोत्सुओलीस दोन्ही गोष्टी एकदमच लक्षांत ठेवाव्या लागतात.